खालच्या वर्गात बसविलेल्या प्रवाशाचा हक्क

गेल्या चैत्रात आमच्या ताईने, गुडघ्यांच्या दुखण्यामुळे पाय लांब करता यावेत एवढ्याचसाठी, मुंबईहून दुबईस जाण्याकरिता बिझनेस वर्गाचे तिकीट काढले होते. परंतु ऐन वेळी विमान बदलल्यामुळे तिच्या बोर्डिंग पासवरील '3 ए' पेनाने खोडून तेथे '27 सी' लिहिण्यात आले, आणि हाती सवलतीचे एक कूपन ठेवून तिची बोळवण झाली.

अशा कूपनावर प्रवाशाने समाधान मानण्याचे काहीच कारण नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या 15 फेब्रुवारी 2023 पासून अमलात आलेल्या नियमान्वये, विमान बदलल्यामुळे, आसन नादुरुस्त असल्यामुळे वा जादा आरक्षणामुळे प्रवाशाला त्याच्या इच्छेविरुद्ध खालच्या वर्गात बसविल्यास, देशांतर्गत प्रवासात करांसह तिकिटाची 75 टक्के रक्कम, आणि आंतरराष्ट्रीय प्रवासात 1500 किलोमीटरपर्यंत 30, 3500 पर्यंत 50 व त्यापुढे 75 टक्के रक्कम परत करणे कंपनीवर बंधनकारक आहे. मुंबई-दुबई अंतर सुमारे 1900 किलोमीटर. म्हणजे निम्मी रक्कम. युरोपीय संघाच्या नियमांतही टक्केवारी हीच. मात्र तेथील न्यायालयाच्या 2016 च्या निवाड्याप्रमाणे हिशेब संपूर्ण तिकिटावर नव्हे, तर वर्ग बदललेल्या टप्प्याच्या भाड्यावर होतो.

म्हणून, मंडळी, बोर्डिंग पास फेकू नका, 'स्वखुशीने' असा शब्द असलेल्या कोणत्याही कागदावर सही करू नका, प्रथम कंपनीकडे लेखी अर्ज करा आणि दाद न मिळाल्यास सरकारच्या 'एअरसेवा'वर तक्रार नोंदवा. ताईने अर्जासोबत जोडला तो खाडाखोड केलेला पासच.