सहाशे फुटांखालचं पाणी कोणाचं?

मार्च उलटला की लातूर जिल्ह्यातल्या निलंगा तालुक्याच्या शिवारांत बोअरच्या गाड्या दिसू लागतात. त्याआधी पाणाड्या येऊन गेलेला असतो. तळहातावर आडवा धरलेला नारळ जिथं उभा राहील, तिथं दगड ठेवून खूण केलेली असते. मग रात्रभर धडधड. आधी माती, मग मुरूम, मग काळ्या खडकाची राखाडी भुकटी, आणि ती बांधावरच्या झाडांवर बसत जाते. दोनशे फुटांवर काही नाही, चारशेवर नुसती ओल. सहाशेवर दीड इंच पाणी लागलं तर घरात दिवाळी. नाही लागलं तर उसने आणलेले पैसे कोरड्या भोकात गेले.

हा निर्णय शेतकऱ्याचा खासगी वाटतो. शेत त्याचं, कर्ज त्याचं, नशीबही त्याचं. पण खालचा खडक सातबारा पाहत नाही. मराठवाड्याच्या बहुतेक भागाखाली बेसाल्टचे थर आहेत. पावसाचं मुरलेलं पाणी मुख्यतः वरच्या झिजलेल्या मुरमात साठतं. त्याखालच्या कातळात ते फक्त भेगांत आणि सांध्यांत सापडतं. खोल बोअर अनेकदा वरच्या साठ्यालाच खालून वाट करून देतो. मग शेजारची जुनी विहीर माघातच तळ दाखवते आणि तिचा मालकही गाडी बोलावतो, या वेळी सातशे फुटांसाठी. या शर्यतीत एकट्यानं शहाणपणानं थांबणारा हरतो, कारण त्यानं राखलेलं पाणी दुसऱ्याच्या मोटारीत जातं. म्हणून ‘शेतकऱ्यांनी पाणी जपून वापरावं’ हा उपदेश मला अपुरा वाटतो.

कायदा नाही असंही नाही. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून पाचशे मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर १९९३ च्या कायद्यानं बंधन आणलं. २००९ चा महाराष्ट्र भूजल अधिनियम २०१४ मध्ये लागू झाला. त्यात साठ मीटर, म्हणजे साधारण दोनशे फुटांपलीकडची विहीर ‘खोल’ धरली आहे; विहिरींच्या आणि बोअर-गाड्यांच्या नोंदणीची, पाणलोट समित्यांची तरतूद आहे. तरी सहाशे फुटांचं काम भरदिवसा, डांबरी रस्त्याच्या कडेला चालतं आणि कुणी अडवत नाही. अडवणाऱ्याला पुढच्या निवडणुकीत मतं कोण देणार, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

२०१६ चा दुष्काळ लातूर जिल्ह्यात कुणी विसरलेला नाही. शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींची पहिली गाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला आली. पुढं पन्नास वाघिणी, पंचवीस लाख लिटर. लोकांनी घागर घागर वाचवली, भांडी धुतलेलं पाणी झाडांना घातलं. आता उसाचा हिशेब पाहा. सरीला मोकळं पाणी सोडून घेतलेल्या उसाला हंगामात दोन ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागतं. सरासरीचा सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पूर्ण वजा केला, तरी एकरी जवळपास पन्नास लाख लिटर वरून द्यावंच लागतं. म्हणजे पन्नास वाघिणींच्या दोन गाड्या, एका एकराला. न्हाणीघरातली बचत कितीही प्रामाणिक असली तरी हा खड्डा तिनं भरत नाही.

मग शेतकरी ऊस का लावतो? २०२४-२५ च्या हंगामात उसाला क्विंटलला ३४० रुपये एफआरपी (सरकारनं ठरवलेला किमान दर) होती आणि ती चौदा दिवसांत देणं कारखान्यावर कायद्यानं बंधनकारक आहे. पैसे थकतात, आंदोलनं होतात, पण कायदा पाठीशी असतो. सोयाबीनचा हमीभाव त्याच वर्षी ४,८९२ रुपये होता, आणि लातूरच्या बाजारात सोयाबीन त्याखाली विकलं गेलं. हमीभावामागं एफआरपीसारखं कायद्याचं पाठबळ नाही. जोखीम टाळणारा माणूस ऊसच लावणार. त्याला दोष देण्याआधी हे दर ठरवणाऱ्यांना जाब विचारायला हवा.

सत्ता दूर होती असं म्हणायची सोय इथं तरी नाही. शिवाजीराव पाटील निलंगेकर १९८५-८६ मध्ये मुख्यमंत्री होते. मुख्यमंत्री राहिलेले विलासराव देशमुखही याच जिल्ह्यातले. तुटीच्या खोऱ्यांत ऊस नको, हे माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या महाराष्ट्र जल व सिंचन आयोगानं १९९९ मध्येच सांगितलं होतं. अहवाल आला, आणि त्यानंतरही मराठवाड्यात कारखाने उभे राहतच गेले.

हिवरे बाजार या गावानं मात्र शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही आणि ऊस लावायचा नाही हे ग्रामसभेत ठरवलं. तिथं दरवर्षी पावसानंतर पाण्याचा ताळेबंद मांडतात, मग पिकं ठरतात. तिथलं बळ नियम सगळ्यांना सारखा असण्यात आहे. शेजारी उपसणार नाही याची खात्री असली की स्वतः थांबणं परवडतं.

भूजल सर्वेक्षण यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते. पावसाळ्यानंतरचं मोजमाप ऑक्टोबरात होतं, नेमकं पूर्वहंगामी आणि सुरू उसाच्या लागणीआधी. निलंगा तालुक्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीनं जवळच्या निरीक्षण विहिरीचा तो आकडा मागून घ्यावा, कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर लिहावा आणि त्याच महिन्यात ग्रामसभा बोलवावी. किती एकर हरभरा, किती ज्वारी, किती ऊस, हे बेणं शेतात येण्याआधी बोलता येईल.