लोकरीचा गुंडा, जेवणाचा डबा आणि एसटी: विणकामासाठी बॅग कशी निवडायची?

ज्यांना आत्ता इअरफोन लावता येत नाहीत, किंवा ऐकून झालं पण मापं लिहून घ्यायची राहिली, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतेय. बोलताना मधेमधे झालेलं "अं… म्हणजे" तेवढं काढलंय. बाकी जसं बोलले तसंच.

सुरुवात माझ्या फजितीपासून करते.

मागच्या जुलैतली गोष्ट. मी राहते घोडेगावला आणि कामाला जाते नारायणगावला. घोडेगाव ते मंचर एक एसटी, मंचरला उतरून नारायणगावची दुसरी. येताना तेच उलटं. घरी गेलं की स्वयंपाक, भांडी, उद्याची तयारी. त्यामुळे दिवसभरात माझा असा जो काही वेळ आहे, तो या दोन गाड्यांमधला. त्या वेळात मी विणते.

तेव्हा ताईच्या बाळासाठी स्वेटर चालू होता. ताईचं सासर जुन्नरला, बारसं अकरा दिवसांवर आलेलं. लोकर घेतली होती सायीच्या रंगाची. आणि बॅग? ऑनलाइन घेतलेली, मोठी, दिसायला एकदम भारी टोट. वर एकच लोहचुंबकाचं बटण, आत एकच कप्पा. त्या एका कप्प्यात डबा, पाण्याची बाटली, छत्री, पॉवर बँक, चार्जर, पैशांचं पाकीट, मंचरला घेतलेली कोथिंबिरीची ओली जुडी आणि स्वेटर. सगळं एकत्र, सुखाने नांदत होतं असं मला वाटत होतं.

गतिरोधकावर गाडी आदळली. बटण उघडलं, गुंडा खाली पडला आणि सीटांखालून घरंगळत पुढे गेला. पुढच्या सीटवरच्या मावशी ओरडल्या, "अगं पोरी, तुझी दोरी पार ड्रायव्हरपाशी गेली बघ!" अख्खी गाडी हसली, मीही हसले. पण दोरा ओढायला गेले आणि सुई निसटली. 70 टाक्यांतले निम्मे गळाले. माझी आई टाक्यांना "घरं" म्हणते. एक घर सुटलं की खालपर्यंत शिडी पडत जाते, तशा पाच-सहा शिड्या पडल्या.

घरी येऊन बघते तर त्याहून वाईट. डब्यातली आमटी झिरपून स्वेटरच्या पाठीवर पिवळा डाग. मी घाईघाईने कपड्याचा साबण लावला आणि डाग लाल झाला! घाबरू नका, हळदीचं हे असंच असतं. साबण अल्कलीयुक्त असतो, अल्कली लागली की हळद लालसर होते, धुतल्यावर परत पिवळी दिसते. हळदीचा डाग खरा घालवतं ते ऊन. आता घोडेगावात जुलैमध्ये ऊन आणायचं कुठून? शेवटी पाठीचा अख्खा भाग उसवला.

त्या रात्री मला कळलं की चुकलं ते विणकाम नव्हतं, बॅग चुकली होती. तेव्हापासून जे शिकले ते आज सांगते.

आधी प्रवास बघा, मग बॅग बघा

आपण काय करतो, बॅग आवडली की घेतो आणि मग सामान त्यात कोंबतो. उलटं करा. एका कागदावर तुमचा रोजचा प्रवास लिहा. बसायला जागा मिळते की उभं राहावं लागतं? पाऊस किती? बॅग मांडीवर असते की खाली?

माझं उत्तर असं. 17 मार्च 2023 पासून एसटीत आम्हा बायकांना अर्धं तिकीट झालं. फार चांगलं झालं, पण माझ्या वेळेला गाडीत गर्दीही वाढली. म्हणजे कधी बसायला मिळतं, कधी एक हात वरच्या दांडीला. त्यामुळे बॅग एका हाताने उघडता आणि बंद करता आली पाहिजे.

दुसरं, पाऊस. आपल्या जुन्नर-आंबेगावात हा प्रश्न गावागणिक बदलतो. नाणेघाट, भीमाशंकरच्या बाजूला पाऊस थांबायचं नाव घेत नाही आणि त्याच वेळी पूर्वेला बेल्ह्याकडे धूळ उडत असते. पश्चिमेकडे राहत असाल तर पाणी अडवणारं कापड हवं. पूर्वेला असाल तर जाड सुती कॅनव्हास पुरेल, पण वरून नीट बंद होणारा हवा, नाहीतर फिक्या लोकरीवर धूळ बसते.

एक बॅग नको, बॅगेत पिशवी हवी

आजच्या भागातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. विणकामासाठी वेगळी महागडी बॅग लागत नाही. लागते एक छोटी, नाडीची, आतली पिशवी. आपला बटवाच म्हणा ना. बटव्यात फक्त विणकाम, आणि तो बटवा रोजच्या बॅगेत.

याने तीन गोष्टी होतात. डबा आणि लोकर एकमेकांना शिवत नाहीत. गाडीत बसलं की फक्त बटवा मांडीवर घ्यायचा, मोठी बॅग पायाशी बंदच राहते. आणि सुट्टीच्या दिवशी दुसरी बॅग घ्यायची असली तर बटवा उचलून त्यात टाकला की झालं, काही विसरत नाही.

नाडीच का? कारण नाडी ओढली की वर छोटं भोक राहतं, त्यातून दोरा बाहेर येतो आणि गुंडा आतच फिरतो. तुमची दोरी ड्रायव्हरपर्यंत जात नाही. झिपची पिशवी असेल तर दोरा झिपच्या दातांत अडकतो. चालते, पण झिपच्या आतून कापडाची पट्टी हवी. आणि वेल्क्रो अजिबात नको. वेल्क्रोची एक बाजू म्हणजे बारीक आकड्यांचं रानच असतं, लोकर दिसली की धरलीच.

दुकानात तपासायची सोपी युक्ती सांगते. ओढणीचं टोक किंवा जुना पातळ मोजा बॅगेच्या आत सगळीकडून फिरवा. कुठे अडकला तर लोकरही तिथेच अडकणार. आणि अस्तर फिक्या रंगाचं बघा. काळ्या अस्तरात पडलेली सुई शोधायची म्हणजे रात्री विहिरीत पडलेली चावी शोधण्यासारखं.

माप सुईचं घ्या

आपल्याकडच्या सरळ सुया साधारण 14 इंची, म्हणजे 35 सेंटिमीटर लांब असतात. बॅग आतून 38-40 सेंटिमीटर रुंद नसेल तर सुई वर डोकावणार, शेजारच्याला टोचणार आणि टाकेही गळणार. एवढी मोठी बॅग नको असेल तर गोल सुई घ्या. दोन आखूड सुया मधे लवचिक वायरने जोडलेल्या असतात ती. तिच्यावर सपाट विणकामही होतं, घडी करून लहान बटव्यात मावते, आणि गर्दीत कोपर शेजारच्याच्या बरगडीत जात नाही. थांबताना सगळे टाके वायरवर सरकवायचे, म्हणजे गळायची भीती फार कमी. सरळ सुयाच वापरत असाल तर टोकांना रबरी टोप्या लावा. नसतील तर खोडरबराचा तुकडा खोचा, तोही काम करतो.

क्रोशावाल्यांचं बरंय. सुई आखूड, आणि एका वेळी एकच टाका जिवंत असतो. त्यांना बटवा आणखी लहान चालेल.

कापड कोणतं?

महाराष्ट्रात 23 मार्च 2018 ला प्लास्टिक पिशव्यांवर बंदीची अधिसूचना निघाली. तेव्हापासून घराघरात कापडी पिशव्यांचा ढीग झालाय. त्यात एक फसवं पात्र असतं: कापडासारखी दिसणारी, पण विणलेली नसलेली पिशवी. ती बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लास्टिकचीच असते. उन्हात राहिली की कमजोर होते, तुकडे सुटतात आणि ते लोकरीला चिकटतात. ती भाजीला ठेवा.

आतल्या बटव्याला सुती कापड उत्तम. आईची जुनी सुती साडी, शर्टाचं कापड, काहीही. बाहेरच्या बॅगेला मात्र पावसाळ्यात नायलॉन किंवा रेक्झिन अस्तराचा तळ हवा, कारण एसटीची फरशी ओली असते आणि पाणी खालूनही चढतं.

बटवाच प्लास्टिकचा केला तर? नको. खरी लोकर हवेतलं पाणी शोषते, स्वतःच्या वजनाच्या साधारण 30 टक्क्यांपर्यंत, आणि तरी हाताला ओली लागत नाही. ती बंद प्लास्टिकमध्ये कोंडली की कुबट वास येतो. दुकानात "लोकर" म्हणून मिळतं त्यातलं पुष्कळसं ॲक्रिलिक असतं, ते एवढं पाणी पीत नाही आणि त्याला कसरही लागत नाही. पण हातातलं विणकाम पावसात थोडंफार भिजतंच, म्हणून त्यालाही वारा लागू द्या.

खांद्याचं काय?

जुन्नरहून नाणेघाटाने सातवाहनांच्या काळापासून माल कोकणात उतरायचा. बैलाच्या पाठीवर गोणी टाकायची म्हणजे ओझं दोन्ही बाजूंना सारखं लागतं, नाहीतर बैल चालणार नाही. आपण मात्र सगळं एका खांद्यावर घेतो आणि संध्याकाळी मान धरून बसतो!

एक लिटरची भरलेली बाटली म्हणजे एक किलो आणि वर बाटलीचं वजन. बाळाच्या स्वेटरची लोकर त्यामानाने काहीच नाही. म्हणजे बॅग जड होते ती विणकामाने नाही, बाकीच्या पसाऱ्याने. शाळेच्या दप्तरासाठी 2020 च्या केंद्राच्या धोरणात मुलाच्या वजनाच्या 10 टक्के ही मर्यादा धरलीय. आपणही तोच अंदाज धरू. एकदा भरलेली बॅग किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवून बघा. मी ठेवली, आणि दुकानदारकाका म्हणाले, "पोरी, बटाटे आहेत का यात?" ओझं जास्त भरलं तर दोन पट्ट्यांची पाठीवरची सॅक घ्या. एकाच खांद्याची हवी असेल तर पट्टा निदान चार बोटं रुंद आणि तिरका घालता येईल एवढा लांब.

बटवा शिवायचं माप

आता वही काढा. कापड 35 × 76 सेंटिमीटर, एकच तुकडा. लांबीतून मधोमध दुमडा, म्हणजे 35 × 38 होईल. दोन्ही बाजू दीड-दीड सेंटिमीटर आत शिवा, पण वरचे 8 सेंटिमीटर मोकळे सोडा. मोकळ्या कडा आत दुमडून शिवून घ्या. मग वरचा काठ 4 सेंटिमीटर आत वळवून नाडीसाठी नेफा करा. आता खालचे दोन्ही कोपरे त्रिकोणासारखे ओढा आणि जिथे त्रिकोण 10 सेंटिमीटर रुंद भरतो तिथे आडवी शिवण मारा. झाला तळ. तयार बटवा साधारण 22 सेंटिमीटर रुंद, 10 खोल आणि 29 उंच होतो. त्यात दोन गुंडे, गोल सुईवरचं विणकाम आणि छोटी कात्री बसते. दोन नाड्या घाला, एक डावीकडून आणि एक उजवीकडून, म्हणजे दोन्ही ओढल्या की पटकन बंद.

शिवता येत नसेल तर टेलरकाकांकडे जुनी साडी आणि हे माप घेऊन जा. माझा बटवा तसाच झालाय, आईच्या निळ्या साडीचा. फॉल निघालेल्या काठाचीच नाडी केली.

मग बारशाचं काय झालं?

स्वेटर झाला. अकरा दिवस जाता-येता विणलं, दोन दिवस उभ्यानेसुद्धा. बटवा मनगटात अडकवून, एका खांबाला टेकून. शेवटची बाही जुन्नरला जाताना गाडीतच जोडली. बारशाला बाळाला घातला आणि तो थोडा मोठा झाला! सगळे म्हणाले, बरंच झालं, थंडीत येईल. डिसेंबरात शिवनेरीच्या पायथ्याला जी थंडी पडते, तिच्यात तो अगदी मापात बसला.

मला मात्र त्या अकरा दिवसांत एक गोष्ट पटली. मेंढ्यांमागे चालता चालता टकळीवर लोकर कातणारे धनगर आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहेत. त्यांना हाताला रिकामा वेळ कुणी वेगळा काढून दिला नव्हता. हत्यार हाताशी होतं म्हणून चालतानाचा वेळ त्यांचा झाला. आपल्या बॅगेचंही तेच. विणकाम तळाशी, डब्याखाली, चार्जरच्या वायरीत गुंतलेलं असेल तर आपण ते काढतच नाही, मोबाइल काढतो. वरच हाताला लागलं तर मंचर येईपर्यंत चार ओळी होतात.

तर मंडळी, या आठवड्यात नवीन बॅग घेऊ नका. आधी आहे ती पूर्ण रिकामी करा, ओढणी फिरवून बघा, सुई मोजा आणि एक बटवा शिवा. आणि डब्याचं झाकण घट्ट लावा, एवढं माझं ऐकाच!

भेटू पुढच्या भागात. तोवर टाके सांभाळा.