घाना साग, किनवट साग

अर्धापुरात घर बांधायला काढलं की सुतार आधी विचारतो, चौकटी कशाच्या? अलीकडे उत्तरही तोच देतो : घाना साग घ्या, परवडेल. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या घाना देशातून जहाजानं आलेले ओंडके बंदरातून आरामशीनवर आणि तिथून आपल्या दारात. गंमत अशी की साग मुळात आफ्रिकेचा नव्हेच. तो आपला, ब्रह्मदेशाचा, थायलंड-लाओसचा. गेल्या शतकात तिकडे नेऊन त्याची लागवड झाली आणि आता तो परत येतो आहे. "कोवळं लाकूड आहे, पांढरा भाग जास्त," सुतार खरं तेही सांगून टाकतो, "पण जुना माल आता आणायचा कुठून?"

जुना माल यायचा किनवटहून. अडीच-तीन तासांच्या वाटेवर, आमच्याच नांदेड जिल्ह्यात. गावातल्या माळवदाच्या घरांचे खांब, तुळया, कडीपाट असल्याच सागाचे. आम्ही स्वतःला बिनजंगलाचे लोक समजतो. मराठवाडा म्हणजे काळं रान, माळ आणि दुष्काळ, अशीच आमची ओळख. शेजारचा लातूर तर राज्यात सर्वांत कमी वन असलेल्या जिल्ह्यांत मोडतो. पण डोक्यावरचं छत जंगलाचं होतं, हे कुणी मोजलं नाही.

किनवट आमच्याकडे आलं १९५६ साली. त्याआधी ते हैदराबाद राज्यात आदिलाबाद जिल्ह्यात होतं. भाषावार पुनर्रचनेत किनवट आणि राजुरा नांदेडला जोडले गेले, आमचा मुधोळ तिकडे गेला. राजुरा तर चांद्याला खेटून. तीन वर्षं तोही नांदेड जिल्हा होता. १९५९ साली तो चांद्याला गेला, नाहीतर तिथल्या माणसाला कलेक्टर कचेरी गाठायला निम्मा मुलूख ओलांडावा लागला असता. कागदावर रेघा अशा सरकत होत्या, रान मात्र सलग होतं : साग, ऐन, धावडा, सालई, तेंदू, मोह, चारोळी, बिबा, ओढ्याकाठी बांबू. जिल्ह्यात सर्वांत जास्त पाऊस पडतो तो याच किनवट-माहूर पट्ट्यात.

या रानाची मालकी कुणाची, हा झगडा त्या रेघांच्याही आधीचा. गोंड, कोलाम, परधान, आंध ही इथली माणसं. निजामाच्या राखीव जंगलाच्या धोरणानं त्यांची शेतं सुटली, गुरं अडली, आणि आसिफाबादच्या बाजूला जोडेघाटला कोमरम भीम उभा राहिला. १९४० साली तो गोळीबारात मारला गेला. जल, जंगल, जमीन ही आज सगळीकडे ऐकू येणारी घोषणा त्याच्याच नावाशी जोडलेली आहे. त्यानंतर निजाम सरकारनं ऑस्ट्रियाचे मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना गोंडांमध्ये धाडलं. ते तिकडचेच होऊन गेले. त्यांच्या पत्नी बेट्टी यांची समाधी आदिलाबादकडच्या मारलवाईत आहे. आमच्या शाळेतल्या इतिहासात यातलं काही नव्हतं. मुक्तिसंग्राम होता, रझाकार होते. आमच्याच तालुक्यांना लागून झालेला हा लढा मात्र परक्या राज्याचा म्हणून बाहेर राहिला.

पुढची तीस-पस्तीस वर्षं थोडक्यात सांगता येतात, कारण ती तोडीची वर्षं. कूप पडले, लाकूड गेलं, उरलेल्यावर चोरटी कुऱ्हाड चालली. 'कटसाईज सागवान जप्त' हा मथळा आमच्या जिल्हा पानावर इतक्यांदा येऊन गेला की वाचणारा पान उलटतो.

याच काळात पैनगंगेवर इसापूरचं धरण झालं आणि कालव्याचं पाणी आमच्या शिवारात आलं. अर्धापूरची केळी म्हणून जो माल उत्तरेत नाव काढतो, तो या पाण्यावर. खाली हीच नदी उमरखेड-हिमायतनगर-किनवटच्या रानाच्या कडेनं जाते, सहस्रकुंडाला खडकावरून कोसळते, माहूरच्या पायथ्याशी वळते. म्हणजे एकाच नदीचं पाणी वर आमच्या केळीला आणि खाली अस्वलाला. उन्हाळ्यात नदीत डबकी उरली की या वाटणीचा हिशेब समोर येतो. तेव्हा खालच्याची बाजू घेणारा कालवा समितीत कुणी नसतो.

पुढे या पट्ट्याला पैनगंगा अभयारण्य म्हणून संरक्षण मिळालं. १९९७ साली पांढरकवड्याकडचं टिपेश्वर अभयारण्य झालं, जेमतेम १४८ चौरस किलोमीटरचं. त्या वेळी आमच्याकडे याची चर्चा झाल्याचं मला आठवत नाही. अभयारण्य म्हणजे ताडोबा किंवा मेळघाट, आणि जंगल म्हणजे टीव्हीवरचं आफ्रिकेचं. मुलांना सिंह-झेब्रा तोंडपाठ, चौशिंगा विचारला तर शिंगं मोजायला लागतात. २०२२ साली नामिबियाचे आठ चित्ते कुनोत उतरले तो दिवस १७ सप्टेंबरचा, आमचा मुक्तिदिन. सकाळी झेंडावंदन आणि मग दिवसभर चित्ते. दख्खनच्या ज्या माळांवर काळवीट आजही शेतं चरतात, तिथे एकेकाळी चित्ते त्यांच्यामागे धावत होते, हे त्या गर्दीत कुणी बोललं नाही.

टिपेश्वर मात्र भरत गेलं. इतकं की वाघांना जागा पुरेना. २०१९च्या फेब्रुवारीत तिथल्या एका तरुण नराला रेडिओ कॉलर लावली. जूनमध्ये तो निघाला. यवतमाळ, नांदेड, हिंगोली, वाशीम, अकोला, मध्येच तेलंगणातला आदिलाबाद असा हिंडत डिसेंबरात तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, तोवर तेराशे किलोमीटर झाले होते. पुढे ते मोजमाप तीन हजारांवर गेलं. लोकांनी त्याचं नाव वॉकर ठेवलं. दिवसा ओढ्याच्या झुडपात, कपाशीत पडून राहायचं आणि रात्री चालायचं, असा त्याचा क्रम. त्याच्या विश्रांतीच्या जागी शिरल्यानं हिंगोलीकडे झालेला प्रसंग सोडला तर एवढ्या मोठ्या वाटेवर तो माणसाच्या वाटेला गेला नाही. १९५६ सालची रेघ त्यानं कितीदा ओलांडली ते कॉलरलाच ठाऊक.

मग २०२४च्या डिसेंबरात टिपेश्वरचाच दुसरा वाघ थेट येडशीच्या रामलिंग घाटात कॅमेऱ्यात आला. मध्ये नांदेड, लातूर, बीडचा मुलूख पसरलेला, जिथे वन म्हणावं असं फारसं काही नाही. गेला तो ओढ्यांनी, बाभळींनी, उसाच्या फडांतूनच गेला असणार. त्याला पकडायला ताडोबाहून पथक आलं. आठवडे गेले, वाघ काही हाती लागला नाही.

आमच्या शिवारात जंगल येतं ते वेगळ्या रूपात. रोही येतात, रानडुकरं येतात, एका रात्रीत हळदीचा वाफा उकरून जातात. जागलीला माळ्यावर बसणारी पिढी संपली, आता बांधावर झटका मशीन टकटकतं. शेतकऱ्याचा राग खोटा नाही. पंचनाम्याच्या चकरा मारून जी भरपाई मिळते तिच्यात मजुरीही निघत नाही. वाघ असता तर रोही कमी असते, असं पारावर कुणी म्हटलं की दुसरा विचारतो, मग रात्रीची मोटार चालू करायला तू जाशील का?

मागच्या हिवाळ्यात आमच्याकडेही ठसा सापडला. केळीच्या सरीत, ओल्या मातीत, चांगला मोठा. दुपारपर्यंत तो मोबाइलवर सगळ्या तालुक्यात फिरला. मुलांना शाळेतून लवकर घरी आणलं, मजूर बायका घड उतरवायला नको म्हणाल्या. संध्याकाळी वनरक्षक आला, टेप लावून ठसा मोजला, नखांच्या खुणा दाखवल्या. वाघ चालताना नखं आत ओढून घेतो. इथे चारही नखं मातीत उमटलेली. तडस आहे, तो म्हणाला.

बांधावर पन्नासेक माणसं जमली होती. "तडस होय?" पुढचा एक म्हातारा म्हणाला आणि काठी उचलून चालू लागला. त्याच्या आवाजात हायसं वाटल्याचं काही ऐकू आलं नाही.