गोळी घेतली आणि गांधी उठल्या!

अंगावर गांधी उठल्या की पहिला संशय वांग्यावर, नाहीतर सुकटीवर. ‘पित्त उठलं’ म्हणत आमसुलाचं पाणी चोळायचं. थंडावा मिळतो खरा. पण तासाभरापूर्वी कोणती गोळी घेतली, हे भोर-वेल्ह्यातल्या किती घरांत विचारतात? आधी तेच विचारायला हवं.

संशयितांत पहिला मान पेनिसिलिनच्या घराण्याचा, अमॉक्सिसिलिन त्यातलंच. १९५४ साली स्थापन झालेल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समुळे पेनिसिलिन तर आपल्या जिल्ह्याचंच! आणि गंमत अशी, की ‘मला पेनिसिलिन चालत नाही’ म्हणणाऱ्या दहांतल्या नऊ जणांना तपासणीत ते चालतं. लहानपणीचे ते चट्टे पुष्कळदा तापाच्या विषाणूचेच असतात. मात्र ही परीक्षा डॉक्टरांसमोरच, घरी नाही.

भातलावणीच्या दिवसांत सापाची भीती मोठी. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर लस एकच. परळच्या हाफकिनचं नाव तिच्याशी जोडलेलं. ती घोड्याच्या रक्तापासून बनते आणि घोड्याची प्रथिनं आपल्या शरीराला परकी. म्हणून सलाईनमधून लस जात असतानाच खाज सुटते, गांधी उठतात, कधी धापही लागते. डॉक्टर लस थांबवतात, ॲड्रेनालिन टोचतात आणि रुग्ण सावरला की लस पुन्हा चालू करतात. नातेवाइकांनी इथे ‘लस सोसत नाही, बंद करा’ असा हट्ट धरू नये. विष अजून अंगात असतं. घरी आल्यावर आठ-दहा दिवसांनीही ताप, सांधेदुखी आणि गांधी येऊ शकतात. व्हिएन्नाच्या पिर्के आणि शिक यांनी १९०५ सालीच घोड्याच्या लसीनंतरच्या या दुखण्यावर पुस्तक लिहिलं होतं.

लावणीनंतर कंबर धरली की डायक्लोफेनॅक, नाहीतर आयबुप्रोफेन. एकीने गांधी उठल्या, तर दुसरीनेही उठू शकतात. ॲस्पिरिनही त्याच गोतावळ्यातलं.

सल्फाच्या गोळ्यांची एक खोड विलक्षण! गोळी घ्यावी तेव्हा ओठावर किंवा हातावर नेमक्या त्याच जागी चट्टा येतो आणि काळसर डाग ठेवून जातो.

रक्तदाबाच्या रामिप्रिल, एनालाप्रिलने मात्र गांधी न उठताच ओठ-जीभ सुजते, तीही कधी वर्षभर गोळी सुरळीत चालल्यावर. ही सूज सेटिरिझिनने उतरत नाही.

कोणत्याही औषधानंतर जीभ सुजली, आवाज बसला, श्वास लागला किंवा चक्कर आली, तर १०८ला फोन लावा आणि गोळ्यांचं पाकीट सोबत न्या.