पावडर कोटिंगचे स्टॅबिलायझर आणि पेटंट : गैरसमज व वस्तुस्थिती

पॉलिएस्टर पावडर कोटिंग साधारण १६० ते २०० अंश सेल्सिअसला क्युअर होते. ओव्हन थेट गॅसवर चालत असेल तर ज्वलनातले नायट्रोजन ऑक्साइड फिनॉल वर्गातल्या अँटिऑक्सिडंटशी अभिक्रिया करतात आणि पांढरा रंग पिवळसर पडतो. त्यावर उतारा म्हणून फॉस्फाइटसारखे स्टॅबिलायझर घालतात. अशा मिश्रणाचे पेटंट मागितले की वाद उभा राहतो : हे कोणालाही सुचले नसते का?

गैरसमज : आधी कोणी केले नाही, म्हणजे पेटंट मिळणारच.
वस्तुस्थिती : नावीन्य ही पहिली चाळणी. त्या क्षेत्रातल्या जाणकाराला ते सहज सुचले असते का, ही दुसरी. भारतीय कायद्यात ती कलम २(१)(जेए)मध्ये आहे, अमेरिकेत कलम १०३मध्ये.

गैरसमज : जुन्या कागदपत्रांत तसे स्पष्ट लिहिलेले नसेल, तर हरकत टिकत नाही.
वस्तुस्थिती : मोटारीच्या पेडलवरच्या ‘केएसआर’ खटल्यात २००७ साली अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने जाणकाराची व्यवहारबुद्धीही जमेस धरली. मात्र रसायनात अंदाज चुकतात. काही फॉस्फाइट ओलाव्याने विघटित होतात. त्यामुळे प्लॅस्टिकमध्ये चालले ते पावडरीतही चालेल, असे गृहीत धरता येत नाही.

गैरसमज : दोन जुनी रसायने एकत्र केली तर शोध उरत नाही.
वस्तुस्थिती : भारतातले कलम ३(ई) गुणांची केवळ बेरीज होणारे मिश्रण नाकारते. परिणाम बेरजेहून जास्त असेल, तर तो आकड्यांनी दाखवावा लागतो. तुलना हवी ती सर्वांत जवळच्या जुन्या मिश्रणाशी, त्याच तापमानाला आणि तितक्याच वेळेला. स्टॅबिलायझरच नसलेल्या पावडरीशी केलेली तुलना सहसा पुरत नाही.

गैरसमज : नवा गुण सापडला की जुन्याच्या जवळचे मिश्रणही पेटंटयोग्य ठरते.
वस्तुस्थिती : ‘डिलन’ प्रकरणात (१९९०) अर्जदाराने इंधनात एक ऑर्थोएस्टर घालून काजळी घटवली होती. त्याच्यासारखीच संयुगे इंधनातले पाणी काढायला आधीच वापरात होती. हेतू वेगळा असूनही अमेरिकी अपील न्यायालयाने अर्ज नाकारला.

गैरसमज : खूप प्रयोग केले, म्हणून शोध मोठा.
वस्तुस्थिती : ज्ञात मिश्रणाचे योग्य प्रमाण नेहमीच्या चाचण्यांनी ठरवणे हा शोध नव्हे, असे अमेरिकेतल्या ‘ॲलर’ निकालाने १९५५ मध्येच म्हटले. उलट कलम १०३नुसार शोध कसा लागला याने फरक पडत नाही. योगायोगाने सापडलेले मिश्रणही पेटंटला पात्र ठरू शकते.