शेळीला काय काय कळतं

लेकरांनो, शेळीच्या डोळ्यात कधी नीट बघितलंत का? आपल्या डोळ्यातली बाहुली गोल. मांजराची उन्हात उभी चीर होते. शेळीची मात्र आडवी, जवळजवळ चौकोनी. लांडगा कुठूनही येऊ शकतो, म्हणून तिला समोरचं, दोन्ही बाजूंचं आणि बरंचसं मागचंही जमिनीलगतचं दिसावं लागतं. त्यासाठी ही आडवी चीर. आता खरी गंमत ऐका. चरायला मान खाली घातली की ती चीर उभी व्हायला पाहिजे, हो की नाही? होत नाही! मान जशी झुकते तसा डोळा खोबणीत उलटा फिरतो आणि चीर जमिनीला समांतरच राहते. अमेरिकेत बर्कलीच्या शास्त्रज्ञांनी 2015 साली हे मोजून छापलं. डोळा 50 अंशांपर्यंत, त्याहूनही जास्त फिरतो. माणसाचा डोळा असा फिरतो तो त्याच्या दहाव्या हिश्श्यानं.

आपली शेळी उस्मानाबादी. बहुतेक काळीभोर, उंच पायांची, पुष्कळदा जुळी देणारी. बीड, लातूर, धाराशिव हा तिचा मुलूख. बालाघाटाच्या डोंगरावर उन्हाळ्यात गवताची काडी राहत नाही, तेव्हा ही मागच्या दोन पायांवर उभी राहून बोरी-बाभळीचा पाला ओरबाडते आणि त्यावर दोन करडं पोसते. तिच्यामागं जन्म घालवलेल्या बाया-माणसांना विचारा, एकेका शेळीचा स्वभाव ते वेगळा सांगतील. ही खोडकर, ती भित्री, ही कुंपणाची कडी काढणारी. शास्त्रज्ञांनी तेच मोजून बघितलं, आणि कसं मोजलं ते ऐकण्यासारखं आहे.

इंग्लंडात केंट भागात बटरकप्स नावाचा शेळ्यांचा आश्रम आहे. टाकून दिलेल्या, हाल झालेल्या शेळ्या तिथं सांभाळतात. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातली एलोडी ब्रिफर, ॲलन मॅकएलिगॉट ही मंडळी तिथं एक पेटी घेऊन गेली. आधी दातांनी दोरी ओढायची, मग तोंडानं दांडी वर उचलायची, तर खाऊ मिळणार. क्रम चुकला तर काही नाही. 12 शेळ्यांपैकी 9 जणी साधारण डझनभर प्रयत्नांत शिकल्या. शेजारणीचं बघून मात्र फायदा झाला नाही, प्रत्येकीनं आपल्या डोक्यानं शोधलं. 10 महिन्यांनी पेटी पुन्हा समोर ठेवली, तर शिकलेल्या शेळ्यांनी दोरी ओढली, दांडी उचलली. 2014 सालचा हा प्रयोग.

दोन वर्षांनी ख्रिश्चन नावरोथ या शास्त्रज्ञानं शेळ्यांवर दुसरा प्रयोग केला. झाकणाच्या डब्यातून खाऊ काढायची सवय लावली आणि मग झाकण पक्कं बसवून टाकलं. शेळीनं खटपट केली, निघेना. मग तिनं काय करावं? बाजूला उभ्या माणसाच्या तोंडाकडं बघितलं, पुन्हा डब्याकडं, पुन्हा माणसाकडं. माणूस पाठमोरा असेल तर तसं कमी केलं. म्हणजे हा माणूस आहे, याचं लक्ष आपल्याकडं आहे की नाही, इतकं तिला उमगतं. कुत्रा असं करतो हे ठाऊक होतं. पण कुत्रा आपल्याबरोबर राखणीला, शिकारीला राहून तयार झाला. शेळीला तर आपण दूध आणि मांस यांपलीकडं काही विचारलं नव्हतं.

आणखी एक, मला सगळ्यात जिव्हारी लागलेली गोष्ट. त्या ब्रिफर-मॅकएलिगॉट मंडळींनी आया आणि करडं वेगळी केल्यावर कित्येक महिन्यांनी करडांच्या ओरडण्याचं ध्वनिमुद्रण आयांना ऐकवलं. आपल्या जुन्या करडाच्या आवाजाला त्यांनी जास्त ओ दिली. नेकनूरच्या बाजारात दाव्याला बांधलेलं करडू ओरडतं, तेव्हा घरी राहिलेल्या शेळीच्या डोक्यात तो आवाज साठलेला असतो, हे मनात असू द्या.

आता तुमचा प्रश्न मला ऐकू आलाय, कुणी विचारला नसला तरी. एवढं कळतं तिला, मग कंदुरीला बोकड कापायचा कसा? आखाडात मटणाचे वाटे घालायचे कसे?

जगात काही लोक याचं उत्तर हुशारीवरून देतात. जो प्राणी हुशार, त्याला मारू नये. समुद्रातला ऑक्टोपस घ्या. आपल्या बीडपासून समुद्र लांब, म्हणून सांगतो. तीन हृदयं, निळं रक्त, आठ हात, आणि सुमारे 50 कोटी चेतापेशी, त्यातल्या निम्म्याहून अधिक हातांमध्ये! प्रत्येक हात आपल्यापुरता विचार करतो म्हणा ना. आई अंडी राखत बसते, खाणंपिणं सोडते, पिलं बाहेर पडायच्या सुमारास मरते. 2016 साली न्यूझीलंडच्या मत्स्यालयातला इंकी नावाचा ऑक्टोपस टाकीच्या फटीतून निघाला, फरशीवरून सरपटला आणि सांडपाण्याच्या नळीतून समुद्रात गेला. स्पेनच्या एका कंपनीनं ऑक्टोपस खाण्यासाठी पाळायची योजना काढली तेव्हा जगभर विरोध झाला. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी 2024 मध्ये तसल्या पालनावर कायद्यानं बंदी घातली. मला त्याचा आनंद आहे. पण त्याच देशात डुकरं कोट्यवधींनी कापतात, आणि डुक्कर काही कमी नाही. एका प्रयोगात चार डुकरांनी तोंडानं दांडी हलवून पडद्यावरचा ठिपका नेमक्या जागी नेऊन दाखवलाय.

म्हणून मला हे हुशारीचं माप पटत नाही. परीक्षा माणूस घेणार, प्रश्न माणूस काढणार, आणि ज्याची परीक्षाच घेतली नाही तो नापास. मेंढरांना आपण बिनडोक समजतो. 2001 साली केंब्रिजजवळ किथ केंड्रिक यांनी दाखवलं की मेंढी 50 मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षं लक्षात ठेवते. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत ती मूर्ख होती का?

यापेक्षा एक जुनी गोष्ट मला मोठी वाटते. गेवराई तालुक्यात पांचाळेश्वराला महानुभावांचं आत्मतीर्थ आहे ना, त्याच पंथाच्या चक्रधरस्वामींची. लीळाचरित्रात ती आहे, म्हणजे साडेसातशे वर्षांपूर्वीची. पारध्यांनी कुत्री सोडली, ससा जीव घेऊन पळाला आणि थेट स्वामींच्या मांडीखाली शिरला. पारधी म्हणाले, आमचा ससा द्या. स्वामींनी दिला नाही. शरण आलेल्याला द्यायचं नसतं, म्हणाले. पारधी परत गेल्यावर सशाला सोडून दिलं. ससा शहाणा आहे का, त्याला मोजता येतं का, हे कुणी विचारलं नाही. तो घाबरलाय, एवढं दिसत होतं, आणि तेवढं पुरलं.

हुशारीचा संबंध मात्र आहे, आणि तो भीतीशी आहे. ज्याला आठवतं, माणसाचा चेहरा वाचता येतो, आवाज ओळखता येतो, त्याला भीतीही जास्त बारकाईनं कळते. म्हणून त्याच्याबाबतीत आपली जबाबदारी वाढते.

पण थांबा, हे सगळं मी भरल्या पोटानं सांगतोय. आपल्याकडच्या कोरडवाहू घराला शेळी ही बँक आहे. पोरीची फी, दवाखाना, ऊसतोडीहून आल्यावर उचलीचा हिशेब फिटेपर्यंतचे दिवस, सगळं एका बोकडावर निघतं. त्या माउलीला मी कोणत्या तोंडानं सांगू की बोकड विकू नको? गुरांचंच बघा. महाराष्ट्रात गाय कापायला आधीपासून बंदी होती, 2015 साली बैल आणि वळूही कायद्यात आले. कायदा झाला, पण भाकड गाय आणि थकलेला बैल दुष्काळात खाणार काय, हे कायद्यात लिहिलेलं नाही. कडब्याची पेंढी आणायची शेतकऱ्यानंच.

तिथं मला शब्बीर मामू आठवतात. शिरूर कासार तालुक्यातल्या दहिवंडीचे शब्बीर सय्यद. घरात पूर्वी खाटीककाम होतं, ते वडिलांनी सोडलं, आणि मुलानं आयुष्य गुरं सांभाळण्यात घातलं. शंभरावर जनावरं, स्वतःची परिस्थिती बेताची. कापायला एकही विकायचं नाही, शेण विकून चारा आणायचा. 2019 साली सरकारनं त्यांना पद्मश्री दिली. या माणसानं कुणाला उपदेश केला नाही, चाऱ्याचा भारा उचलला. प्राण्यांवर दया करा असं बोलणाऱ्या प्रत्येकाला मी आधी दहिवंडीला पाठवीन.

आणि जो कापतो, त्याच्यासाठीही नियम आहेत, 2001 सालचे, केंद्र सरकारचे. कत्तलखान्यात एका जनावरादेखत दुसरं कापायचं नाही. गाभण कापायचं नाही. तीन महिन्यांच्या आतलं पिलू असलेली आई कापायची नाही. वाचून बघा, नियम करणाऱ्यांनाही शेळीला काय कळतं हे कळलेलं होतं. रस्त्याकडेच्या दुकानात मात्र खुंट्याला बांधलेला बोकड समोरचं सगळं बघत उभा असतो. हे थांबवायला कुणाची भाकर काढून घ्यावी लागत नाही. एक आडोसा लागतो, आणि गिऱ्हाइकानं तो मागावा लागतो.

मी स्वतः? मी मटण सोडलंय. तुमच्या आजीच्या माहेरी कंदुरी असते, मी जातो, पंगतीत बसतो, वरण-भाकरी खातो, आणि ताटात मटण असलेल्या सोयऱ्याशी तेवढ्याच मायेनं बोलतो. तुम्ही काय खायचं ते मी ठरवणार नाही. पण अजाणतेपणी खाऊ नका, एवढं मागतो.

उद्या सकाळी एक करा. डब्यात भाकरीचा तुकडा टाका, झाकण नुसतं वर ठेवा, आणि आपल्या बांड्या शेळीला चार-पाचदा काढू द्या. मग झाकण घट्ट लावा. एकानं तिच्याकडं तोंड करून उभं राहायचं, पुढच्या खेपेला पाठ करून. ती कितीदा वर बघते ते वहीत लिहा. आणि झालं की झाकण उघडून तिचा तुकडा तिला द्या.