काटा हलला नाही, तरी चालत राहा

‘‘डॉक्टर, तीन महिने रोज पहाटे चालतेय. वजन उतरलं जेमतेम दीड किलो. आता बंदच करते.’’ आमच्या बाह्यरुग्ण विभागात आलेल्या या ताई चांगल्याच वैतागल्या होत्या. वय ४६, नुकताच निदान झालेला मधुमेह, घरी डबे करून देण्याचा व्यवसाय. मी केसपेपर चाळला. पोटाचा घेर चार सेंटिमीटरने कमी झाला होता आणि उपाशीपोटीची साखर १३८ वरून ११६ वर आली होती. गोळी मात्र तीच होती. चालण्याचा गुण आला होता, पण ताई तो फक्त वजनकाट्यावर शोधत होत्या.

अर्धा तास भरभर चालल्यावर मध्यम बांध्याच्या व्यक्तीच्या साधारण १२० ते १५० कॅलरी खर्च होतात. एका वडापावात त्याच्या जवळपास दुप्पट कॅलरी असतात. म्हणूनच नुसत्या चालण्याने वजन झपाट्याने उतरत नाही. ते मुख्यतः ताटात ठरते.

मग व्यायाम कशासाठी? लठ्ठपणात सर्वांत घातक असते ती पोटाच्या आत, यकृत आणि आतड्यांभोवती साठलेली चरबी. तिच्यामुळे इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो आणि मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांचा धोका वाढतो. नियमित व्यायामाने वजन फारसे न घटताही ही चरबी कमी होऊ शकते. काम करणारा स्नायू इन्सुलिनवर फारसा अवलंबून न राहता रक्तातील साखर वापरतो. केवळ खाणे कमी केले तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. व्यायाम ते टिकवतो आणि उतरलेले वजन पुन्हा चढू नये यासाठी मदत करतो.

वजन किती फसवे असते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण पुण्याशी जोडलेले आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, २२.३. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! युडकिन मॅरेथॉन धावणारे होते. फरक केवळ व्यायामाचा नव्हता. भारतीयांची शरीररचनाच मुळात चरबी साठवण्याकडे झुकणारी आहे. म्हणून आपल्याला व्यायामाची गरज अधिक.

तेव्हा घरात शिंप्याची टेप ठेवा. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता घेर मोजा. भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त घेर धोक्याचा समजावा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम करावा. वेग असा हवा की चालताना बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही. ‘दिवसभर ओट्याशी उभीच असते’ हे अनेक भगिनींचे उत्तर असते. त्याने पाय दुखतात, पण हृदयाची गती फारशी वाढत नाही. छातीत दुखणे किंवा धाप लागणे असेल, अथवा इन्सुलिन सुरू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

ताईंच्या बोलण्यातून आणखी एक गोष्ट कळली. डबे भरून झाल्यावर उरलेले टाकवत नाही, म्हणून त्या दुपारी दुसऱ्यांदा जेवत होत्या. आता ते उरलेले रात्रीसाठी ठेवायचे, रात्री वेगळे काही करायचे नाही आणि पहाटेचे चालणे सोडायचे नाही, असे आमचे ठरले आहे. पुढच्या भेटीत मी आधी टेप लावणार आहे. काट्यावर त्यांनी नंतर उभे राहावे.